लाइपझिग-वायमार-ड्रेस्डेन: आईबाबांना घेऊन जर्मनी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात आईबाबांना घेऊन जर्मनीला जायचं चाललंय. दोघंही सत्तरीचे. टूर कंपन्यांचे कार्यक्रम चाळून झाले. सगळ्यांची गाडी फ्रँकफर्ट, हायडेलबेर्ग, ब्लॅक फॉरेस्ट, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला अशी धावते आणि म्युनिकच्या बीअर हॉलमध्ये जाऊन थांबते. आमच्या घरच्या फर्माइशी मात्र निराळ्या आहेत.

आई कॉलेजात असताना पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकली. तिला गटे आणि शिलर या जर्मन कवींचं वायमार बघायचंय. 1791 मध्ये शाकुंतलाचा जर्मन अनुवाद आला, तो वाचून गटे भारावून गेला, आणि त्याच्या ‘फाउस्ट’ या नाटकाची नांदी त्याला त्यावरूनच सुचली असं मानतात, हे आमच्याकडे चहाला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकून घ्यावं लागतं. बाबा सिव्हिल इंजिनियर, त्यांना ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे पाहायचंय. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बफेकीनंतर कोसळलेलं हे चर्च पंचेचाळीसहून जास्त वर्षं ढिगारा म्हणून तसंच पडून होतं, आणि मग जुने दगड ओळखून, जमतील ते मूळ जागी बसवून 2005 मध्ये पुन्हा उभं राहिलं. भिंतीतले काळे दगड जुने, फिके नवे. बाबांनी त्याचे फोटो मोठे करकरून पाहिलेत. आणि मला लाइपझिगला थोमासकिर्शे या चर्चमध्ये बसून बाख या संगीतकाराच्या रचना ऐकायच्यात.

आत्तापर्यंत ठरवलंय ते असं: आधी लाइपझिगला मुक्काम, तिथून वायमार, एर्फुर्ट आणि आयझेनाख, मग ड्रेस्डेनला बिऱ्हाड हलवायचं, शेवटी न्यूरेंबर्ग, बांबेर्ग, जमल्यास रोथेनबुर्ग, आणि परत. एकूण दोन आठवडे. आता अडचणी:

मुक्काम किती ठिकाणी करावा? बाबांचा गुडघा दुखरा आहे. बॅगा घेऊन रोज नवं हॉटेल नको, आणि रोज चार-चार तास ट्रेनही नको. रोथेनबुर्ग ठेवू की गाळू? तटबंदीवरून चालत जाता येतं म्हणतात, पण त्या पायऱ्या बाबांना झेपतील का? वायमारला गेल्यावर बुखेनवाल्डला, म्हणजे तिथल्या नाझी छळछावणीच्या जागी, जावं का? आई हळवी आहे, पण तिला न विचारता टाळलं तर नंतर बोलणी मीच खाणार. शिवाय आई शाकाहारी आहे (अंडं चालतं). सॉसेजच्या देशात तिचं कसं निभेल? गेलेल्यांनी किंवा तिथे राहणाऱ्यांनी सांगा.

---

प्रतिसाद 1

मी लाइपझिगमध्येच राहतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. तीन मुक्काम पुष्कळ झाले: लाइपझिग, एर्फुर्ट, ड्रेस्डेन. वायमारला लाइपझिगहून रोज ये-जा करण्यापेक्षा एर्फुर्टला राहा. तिथून वायमार जेमतेम पंधरा मिनिटांवर, आणि आयझेनाखही जवळ. बाखचा जन्म आयझेनाखचा, 1685 चा. आणि त्याच गावाच्या डोक्यावरच्या वार्टबुर्ग किल्ल्यात धर्मसुधारक ल्यूथरने बायबलच्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं. किल्ल्याचा शेवटचा टप्पा चढाचा आहे, बाबांना सांगून ठेवा. एर्फुर्टच्या क्रेमरब्रुक्के या पुलावर दोन्ही बाजूंनी घरं आणि दुकानं आहेत, वरून चालताना खाली नदी आहे हे कळतसुद्धा नाही. इंजिनियर माणूस तिथे नक्की रमेल.

बाखसाठी थोमासकिर्शेत शुक्रवारी संध्याकाळी 6 ला आणि शनिवारी दुपारी 3 ला मोटेट (धार्मिक समूहगान) होतात. तिकीट नाममात्र असतं, जागा राखीव नसते, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी जा. मुलांचं कॉयर शाळेच्या सुट्ट्यांत नसतं, तेव्हा तारखा त्यांच्या वेळापत्रकाशी ताडून बघा. बाखची कबर आतच आहे, वर नुसतं नाव. बाहेर बाखचा पुतळा आहे, त्याच्या कोटाचा एक खिसा उलटा बाहेर काढलेला दिसेल. सत्तावीस वर्षं इथे नोकरी केली आणि पगारावरून कायम कुरबूर, असं लोक त्याकडे बोट दाखवून सांगतात. जवळच निकोलायकिर्शे हे चर्च आहे, तेही सोडू नका. 9 ऑक्टोबर 1989 ला इथल्या सोमवारच्या प्रार्थनेनंतर सत्तर हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर उतरली, आणि महिन्याभरात बर्लिनची भिंत गेली.

प्रवासाला डॉइचलांड-टिकेट हा महिन्याचा पास घ्या. सुरुवातीला 49 युरोचं होतं, 2026 पासून 63 झालंय. सगळ्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस त्यात येतात. आयसीई ही वेगवान लांब पल्ल्याची गाडी येत नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून त्याच महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करायचं. हे विसरून भुर्दंड भरणारे आपल्याकडचे पाहुणे मी बरेच पाहिलेत. मे महिन्यात सुट्ट्या खूप: 1 मे, मग ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, मग पेंटेकोस्टचा सोमवार. त्या दिवशी आणि रविवारी दुकानं बंद. दूध-ब्रेड आदल्या दिवशीच आणून ठेवा.

---

प्रतिसाद 2

रोथेनबुर्ग गाळा. गाव सुंदर आहे, पण दुपारी बसगाड्या आल्या की गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते. तटबंदीच्या पायऱ्या अरुंद, आणि सगळीकडे गोट्यांची फरसबंदी. त्यापेक्षा बांबेर्गला दिवस द्या. नदीच्या मधोमध पुलावर बांधलेलं जुनं नगरभवन आहे, शहर 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. धुरकट चवीची बीअर मिळते, ती बाबांनी एकदा चाखावी. दुसरा ग्लास सहसा कोणी मागत नाही!

ड्रेस्डेनला वार बघून जा. त्स्विंगर या जुन्या महालातलं चित्रसंग्रहालय (राफाएलची सिस्टाइन मॅडोना तिथेच) सोमवारी बंद, राजवाडा मंगळवारी. राजवाड्यातल्या ऐतिहासिक ग्र्युनेस गेव्योल्बं या खजिन्याच्या दालनांचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आधीच काढा. बाबांना एक सांगा: फ्राउएनकिर्शेच्या घुमटावरचा क्रूस लंडनच्या ज्या सोनाराने घडवला, त्याचे वडील 1945 च्या त्या बॉम्बफेकीतले वैमानिक होते.

---

प्रतिसाद 3

बुखेनवाल्डला जा, पण आईंना आधी नीट सांगून. वायमार स्टेशनवरून 6 नंबरची बस थेट जाते, प्रवेश मोफत. तिथे 56 हजारांहून जास्त माणसं मेली. आवारात एका ओकचा बुंधा आहे. कैदी त्याला गटेचा ओक म्हणत. गटे याच टेकडीवर फिरायला यायचा. गटेचं घर सकाळी आणि हे दुपारी असं एका दिवसात उरकू नका, दोन वेगळे दिवस ठेवा.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. मे म्हणजे पांढऱ्या श्पार्गेलचा (शतावरीसारख्या भाजीचा) हंगाम, बटाटे आणि अंड्याच्या हॉलंडेज सॉसबरोबर मिळतं, अंडं चालत असेल तर प्रश्नच नाही. थ्युरिंगियाचे (वायमार-एर्फुर्टच्या प्रांताचे) क्लोसं, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, चांगले लागतात, पण वरचा रस्सा बहुतेक मांसाचा असतो, तो वेगळा विचारा. आई जर्मनमध्येच विचारतील म्हणा!

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रोथेनबुर्ग कटाप, एर्फुर्ट आत. बुखेनवाल्डचं काल आईला विचारलं, ती म्हणाली, “ते न बघता नुसतं गटेचं घर बघून आले तर काय बघितलं मी?” बाबा अर्थात आत्ताच क्रेमरब्रुक्केच्या कमानी मोजत बसलेत.

आता एकच: एर्फुर्टला जुन्या गावात लिफ्ट असलेलं हॉटेल किंवा घर कोणाच्या पाहण्यात आहे का? ऑनलाइन दिसतात ती बहुतेक तिसऱ्या मजल्यावर आणि लाकडी जिन्याची आहेत.