"जर्मनीला जाऊन मराठी कंपूतच राहायचं, तर पुणं काय वाईट होतं?" या पोस्टला उत्तर

औंध_ते_ब्रेमेन

परवा इथे एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलं की एका सेमेस्टरसाठी जर्मनीला जाणारी पुण्याची पोरं तिथे मराठी कंपू करतात, शनिवारी पिठलं-भात रांधतात आणि आईबापांचे पैसे वाया घालवून परततात. त्यापेक्षा पुण्यातच राहावं, असा सल्लाही दिला. मी मार्चमध्येच ब्रेमेनहून परत आलेय, हिवाळी सेमेस्टर करून. त्यामुळे हे मला उद्देशूनच आहे असं समजून लिहिते.

सर, पहिल्या पंधरवड्यात काय असतं ते सांगते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ती नोंदणी लांबली की पुढची सगळी कामं लांबतात. व्हिसासाठी आपण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, पैसे भरलेले असतात, महिना ९९२ युरोच्या हिशोबाने. ते सुटायला तिथलं बँक खाते लागतं. बँकेचं पिन, कार्ड, विम्याची कागदपत्रं बहुतेक टपालाने येतात. आणि पत्रपेटीवर तुमच्या नावाची चिठ्ठी नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. हे मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नव्हतं. मी आठवडाभर पत्राची वाट बघत होते. सांगलीच्या एका दादाने खाली येऊन पेटी बघितली आणि खिशातून पेन काढून माझं नाव लिहून चिकटवलं.

नंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं, महिना १८.३६ युरो. माझ्याकडे टीव्हीच नाही, म्हणून मी ते फसवणूक समजून फाडणार होते. ती प्रत्येक घरामागे द्यावीच लागते आणि एका घरात राहणारे वाटून घेऊ शकतात, हेही कंपूनेच सांगितलं. डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, बाहेर पाऊस. त्या संध्याकाळी कोणाच्या तरी खोलीत जाऊन मराठीत बोलणं मला लागत होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

आणि त्याच दादाच्या मागे लागून मी विद्यापीठाच्या बॅडमिंटनला गेले. माझी पहिली जर्मन मैत्रीण तिथे भेटली. कंपू नसता तर मी खोलीतच बसले असते.

कर्वेनगरचा_मास्तर

ती पोस्ट माझी आहे आणि त्यातला शब्दही मागे घेत नाही.

हिवाळी सेमेस्टरची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, फेब्रुवारीत संपतात, मध्ये नाताळची सुट्टी. एवढ्यातले पहिले दोन महिने कंपूत गेले तर उरलं काय? तुम्ही कंपूमुळे माहिती मिळाली म्हणता. माझ्या एका विद्यार्थ्याचा तिथे पेपर हुकला. परीक्षेला स्वतः नाव नोंदवावं लागतं, तारीख गेली की बसू देत नाहीत. त्याच्या कंपूतले सगळे दुसऱ्या विभागाचे, कोणालाच त्याच्या विभागाची तारीख ठाऊक नव्हती. वर्गातल्या शेजारच्या जर्मन मुलाला विचारलं असतं तर कळलं असतं. त्याने सेमेस्टरभर शेजारच्याशी बोलणंच काढलं नव्हतं.

आणि भाषा! या शहरात बोट क्लब रोडला मॅक्समुलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे. अकरावी-बारावीला मार्क पडतात म्हणून निम्मा वर्ग जर्मन घेतो. परीक्षा झाली की वह्या रद्दीत. पुण्यात जर्मन शिकायला मिळत नाही असं कोणी म्हणूच नये. मग तिथे जाऊन "सगळं जर्मनमध्ये आहे हो" म्हणून रडायचं कशाला?

हिंगाची_डबी

मास्तर, जर्मन शेजाऱ्याशी बोलायला त्यालाही बोलायची इच्छा लागते. मी ड्रेस्डेनला होते. मजल्यावर एकच स्वयंपाकघर. मी एकदा आमटीला फोडणी दिली तर दुसऱ्या दिवशी फ्रीजवर चिठ्ठी: तेलात मसाले जाळताना दार बंद ठेवावं आणि खिडकी उघडावी. बाहेर गोठवणारी थंडी! मला जर्मन बऱ्यापैकी येत होतं, म्हणून ती चिठ्ठी वाचता आली, एवढाच भाषेचा उपयोग झाला. त्यानंतर मी महिनाभर ब्रेड-चीजवर काढला.

शेअर फ्लॅटमध्ये खोली मिळवायची तर तिथे आधीपासून राहणारे तुमची मुलाखत घेतात. मला दोन ठिकाणांहून काही न सांगता नकार आला. स्वयंपाकाचं विचारलं आणि मग उत्तरच नाही. तेव्हा कंपू आम्ही करतो की आमचा करवला जातो, हेही बघा.

लातूर_नवी_पेठ_मार्गे

खिडकी उघडा म्हणाले, एवढंच ना? ताई, तुमच्या पुण्यात मला काय सांगितलं गेलं ते ऐका.

मी लातूरहून इंजिनीअरिंगला आलो. पहिला प्रश्न आडनाव. दुसरा प्रश्न खाता काय. एका घरमालकीणबाईंनी दारातच आडनाव विचारलं, आत गेल्या, परत येऊन म्हणाल्या खोली गेली. संध्याकाळी त्याच खोलीची पाटी दारावर तशीच. शेवटी नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहिलो, एका खोलीत सहा जण, कपडे वाळत घालायला दोरीवर हातभर जागा. मेसच्या पोळीपासून ते आंघोळीच्या वेळेपर्यंत सगळ्यावर भांडण. आणि बोललो की "मराठवाड्याचे का?"

पुढे मी स्टुटगार्टला सेमेस्टर केलं. तिथे अडचणी होत्याच, पण डिपॉझिट तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याहून जास्त मागता येत नाही, हा कायदा आहे. माझं परतही मिळालं. पुण्यातलं अजून मिळालेलं नाही. तेव्हा परदेशात रुळणं किती अवघड यावर लिहिणाऱ्या पुणेकरांनी आधी आपल्या शहरात बाहेरचा विद्यार्थी कसा रुळतो ते बघावं.

वाडा_नाही_फ्लॅट

आता घरमालकाची बाजूही ऐकून घ्या. आमचा एरंडवण्यात एक फ्लॅट आहे. तीन मुलांना दिला. अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं रीतसर. दोन महिने भाडं नाही, रात्री दोनला गच्चीवर वाढदिवस, सोसायटीची नोटीस मला. जाताना गीझर जळलेला आणि किचनचा ओटा फुटलेला. डिपॉझिट त्यातच गेलं. घर आमच्या घामाचं आहे. कोणाला द्यायचं ते आम्ही ठरवणार. जर्मन मालक निवडतो तेव्हा तो शिस्तीचा, आणि आम्ही निवडलं की जातीयवादी?

लातूर_नवी_पेठ_मार्गे

ओटा फुटला तर फोडणाऱ्याकडून पैसे घ्या, मी त्याच्या बाजूने बोलत नाही. पण आडनाव विचारून ओटा वाचतो का? सरळ उत्तर द्या. भाडं थकवणाऱ्या त्या तिघांची आडनावं तुम्ही विचारली होतीच ना? मग काय उपयोग झाला?

वाडा_नाही_फ्लॅट

तुम्ही मला ओळखत नाही, आवाज खाली ठेवून बोला. मी आडनाव विचारतो असं मी लिहिलेलं नाही. मांसाहार नको, ही अट घालतो, ती सोसायटीतल्या शेजाऱ्यांमुळे.

सी_फॉर्म

मी इथे परदेशी विद्यार्थ्यांना घर शोधायला मदत करते, म्हणून मध्ये पडते. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा अर्ज भरावा लागतो, त्यालाच सगळे सी फॉर्म म्हणतात. ऑनलाइन भरायचा असतो, अवघड नाही. तरी निम्मे मालक त्याचं कारण काढून नाही म्हणतात. आफ्रिकेतल्या मुलाला नाही म्हणताना कारण सी फॉर्म, आणि तोच मालक फ्रान्सच्या मुलीसाठी तो आनंदाने भरतो, हे मी समोर बघितलंय. आपली मुलं तिकडे नकार खाऊन येतात तेव्हा जे दुखतं, ते इथे येणाऱ्या पोराला तसंच दुखतं. शेजाऱ्यांचं नाव पुढे करू नका. शेजाऱ्यांना समजवायचं कामही मालकाचंच आहे.

एका_लेकीची_आई

तुम्ही सगळे भांडताय आणि माझी मुलगी ऑक्टोबरमध्ये चालली आहे. मला फक्त एवढंच माहीत आहे की तिला ताप आला तर मी साडेसहा हजार किलोमीटर लांब असेन. तिच्याजवळ कोणीतरी मराठी बोलणारं असेल तर मला झोप लागेल. प्राध्यापक साहेब, तुम्ही याला पैसे वाया घालवणं म्हणालात ते मला फार लागलं. ते पैसे आम्ही पीएफमधून काढलेत.

कर्वेनगरचा_मास्तर

बाई, तुमचं मन दुखवायचं नव्हतं. आजारपणात आपलं माणूस हवं, यावर माझा वाद नाही. पत्रपेटीचं मलाही माहीत नव्हतं, तेही धरा. पहिला महिना कंपूत काढा, चला, एवढं सोडतो. पण मुलीला जाण्यापूर्वी निदान बी१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, भाषा शिकवा आणि पहिल्याच आठवड्यात तिच्याच विभागातल्या एका विद्यार्थ्याचा नंबर घ्यायला सांगा. परीक्षेच्या नावनोंदणीची तारीख भिंतीवर लिहून ठेवू दे. आणि तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी ३.७ ऐकून पेढे वाटले होते.

औंध_ते_ब्रेमेन

बी१ चं मान्य. मी त्याच्या खालच्या ए२ पातळीवर गेले होते आणि प्रत्येक कार्यालयात त्याची किंमत मोजली. विभागातल्या विद्यार्थ्याचंही मान्य. "पहिलाच महिना" हे मान्य नाही. माझा सगळ्यात वाईट महिना जानेवारी होता, परीक्षा तोंडावर, सकाळी आठलाही अंधार. तेव्हा ती जर्मन मैत्रीण परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका घेऊन आली आणि सांगलीच्या दादाने मुगाची खिचडी आणली. मला दोघं लागले. यातलं एक निवडायला लावणारा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

काकू, मुलगी कुठल्या शहरात चालली आहे ते कळवा. तिथलं कोणी ना कोणी ओळखीचं निघेल.

हिंगाची_डबी

खिडकीचं मी शेवटी केलं. झाकण ठेवून फोडणी, खिडकी दहा मिनिटं सताड उघडी. चिठ्ठी लिहिणारीने परीक्षेनंतर आमटी मागून खाल्ली, हे खरं आहे. पण त्या दोन नकारांचं कारण मला आजही कोणी सांगितलेलं नाही.

वाडा_नाही_फ्लॅट

सी फॉर्मवाल्या ताई, ऑनलाइन कसा भरायचा त्याची पद्धत इथे टाका. मांसाहाराची अट मी काढणार नाही.

लातूर_नवी_पेठ_मार्गे

मग तुमचा फ्लॅट आम्हाला नको. माझा धाकटा भाऊ यंदा पुण्यात येतोय. डेक्कन ते कर्वे रस्ता या पट्ट्यात कॉट किंवा खोली हवी आहे, भाडं दर महिन्याला वेळेवर मिळेल, रात्री दहानंतर गोंधळ होणार नाही, याची हमी मी घेतो. आडनाव आणि ताटात काय आहे ते विचारणार नसाल तरच निरोप पाठवा.