एकाच इश्यूवर दोन दावेदार: काम कोणाचं, हे कसं ठरवावं?

मेंटेनर_नवा
गिटहबवरचा (कोड एकत्र लिहिण्याचं संकेतस्थळ) प्रकल्प, मी त्याचा मेंटेनर (सांभाळणारा). एका योगदानकर्त्याने इश्यूखाली (नोंदवलेली चूक किंवा काम) 'मी करतो' असं लिहिलं, पुढे तीन आठवडे काहीच हालचाल नाही. दुसऱ्या कुणी न विचारता टेस्टसकट (कोड तपासणाऱ्या चाचण्या) पुल रिक्वेस्ट (तयार बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) टाकली. आता पहिल्याचं म्हणणं, काम माझं होतं. हे कसं मिटवावं? पुढच्यासाठी नियम कोणता लिहावा?

चेरीपिक
तयार पुल रिक्वेस्ट आहे ना, मग तीच तपासायला घ्या. पहिल्याला त्याची ब्रँच (कोडची वेगळी शाखा) ड्राफ्ट (अर्धवट पुल रिक्वेस्ट) म्हणून लगेच पुश करायला (गिटहबवर चढवायला) सांगा. तिच्यात उपयोगी कमिट (नोंदवलेला बदल) असेल तर चेरी-पिक करा, म्हणजे तेवढंच उचलून आपल्या ब्रँचमध्ये घ्या. लेखक तोच राहतो, फक्त कमिटर (बदल प्रत्यक्ष नोंदवणारा) बदलतो. कोड नुसता कॉपी-पेस्ट केलात तर त्याचं नाव जातं. तसं करावंच लागलं तर कमिट संदेशाच्या शेवटी, एक ओळ मोकळी सोडून, 'को-ऑथर्ड-बाय' (सहलेखक) अशी ओळ त्याच्या नाव-ईमेलसह टाका. ईमेल त्याच्या गिटहब खात्याला जोडलेला हवा, नाहीतर श्रेय खात्यावर दिसत नाही. स्क्वॉश-मर्ज करताना (सगळी कमिट्स एक करून मुख्य कोडमध्ये घेताना) संदेश आटोपशीर करायच्या नादात या ओळी पुसू नका.

रिव्ह्यूवाली
नियमाबद्दल. बाहेरच्या योगदानकर्त्याला इश्यू स्वतःला असाइन करता (स्वतःच्या नावावर घेता) येत नाही, म्हणून मोठे प्रकल्प बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) ठेवतात, त्याला टिप्पणीत आज्ञा द्यायची: कुबरनेटीसमध्ये '/असाइन', रस्टमध्ये '@रस्टबॉट क्लेम', पांडाजमध्ये नुसतं 'टेक'. काम सोडण्याची आज्ञाही तितक्याच ठळकपणे लिहा; ती ठाऊक नसली की लोक संकोचाने गप्प बसतात आणि इश्यू अडकतो.

मुदत: १४ दिवसांत ड्राफ्ट, नाहीतर एक विचारणा, आणखी ७ दिवसांनी इश्यू मोकळा. मात्र चेंडू मेंटेनरकडे असेल तेव्हा हे दिवस मोजायचे नाहीत. रिव्ह्यूसाठी महिनाभर ताटकळलेल्या माणसाचं काम काढून घेणं सरळ अन्याय आहे. आणि हे काम स्टेल बॉटवर (शांत पडलेले इश्यू हुडकणारा बॉट) सोपवू नका. तो मूळ सेटिंगमध्ये हालचाल नसली की ६० दिवसांनी 'स्टेल' (शिळा) असा शिक्का मारतो, त्यानंतर ७ दिवसांनी इश्यूच बंद करतो. असाइनी (काम घेतलेल्याचं नाव) हटवत नाही.

मुख्यशाखा
थोडं वेगळं मत. टायपो, एका ओळीची दुरुस्ती यांना असाइन करूच नका, पहिली चांगली पुल रिक्वेस्ट घ्या. दावा फक्त मोठ्या कामावर, तोही कोणत्या फाइली बदलणार आणि कशा, हे इश्यूत लिहिल्यावरच. नवशिक्यांसाठी राखलेले इश्यू एका व्यक्तीला एकच. हे सगळं कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्ये (योगदानाचे नियम सांगणारी) घाला, म्हणजे वाद झाला की बोट ठेवायला जागा असते.

मेंटेनर_नवा
पहिल्याकडे कोड नाही, पण बगचं मूळ त्यानेच शोधून इश्यूत लिहिलं होतं. मग?

चेरीपिक
मग श्रेय हवंच, शोधणं हे अनेकदा दुरुस्तीपेक्षा अवघड असतं. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी कमिट संदेशात 'रिपोर्टेड-बाय' (कळवणारा), 'सजेस्टेड-बाय' (सुचवणारा) अशा ओळी वापरतात. गिटहब या ओळी योगदानात मोजत नाही, तेव्हा रिलीज नोट्समध्येही नाव घाला. आणि मर्ज करण्याआधी त्याला इश्यूवरच तसं कळवा.