ऊलाँगची सुरुवात कुठल्या चहापासून करावी?

हिरवा आणि काळा, दोन्ही चहा बिनदुधाचे नेहमी पिते. आता ऊलाँगची गोडी लावून घ्यायची आहे, पण नावं वाचूनच गोंधळ उडतो. पहिल्यांदा कुठले घ्यावेत? आणि चव घेताना नेमकं लक्ष कशाकडे द्यायचं?

प्रतिसाद १

दोनच घ्या, पण एकमेकांपासून लांबचे. हिरवा आणि काळा यांच्यामधला सगळा पट्टा ऊलाँगचा. पत्तीचं ऑक्सिडेशन (हवेने पत्ती काळपट होणं) किती होऊ दिलं आणि नंतर ती किती भाजली, यावर चव ठरते. तैवानचा आलिशान हा हजार मीटरच्या वरचा, हलक्या ऑक्सिडेशनचा, गोळ्या वळलेला चहा. फुलांचा वास आणि जिभेवर स्निग्धपणा. दुसरा चीनच्या फूच्येन प्रांतातल्या वूयी डोंगरांतला: लांब, पिळलेली, काळपट, भाजलेली पत्ती.

साधारण १०० मिलीच्या गायवानमध्ये (झाकणाच्या चिनी कपात) ५ ग्रॅम पत्ती, उकळी येऊन जरासं निवलेलं पाणी, पहिल्या खेपेला अर्धा मिनिट. मग थेंबभरही मागे न ठेवता ओतून घ्या, नाहीतर पुढचं पाणी तुरट होतं. आलिशानच्या गोळ्या पहिल्या पाण्यात अर्धवटच उघडतात, त्यामुळे त्यावरून मत बनवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला तो खरा खुलतो. दर खेपेला झाकणाची आतली बाजू हुंगा. कप रिकामा झाला की तोही गार होऊ द्या आणि परत हुंगा. गरम असताना न जाणवलेला गोडवा तिथे सापडतो. घोट गिळल्यावर घशात मागाहून गोडी येते का, हेही बघा. माझ्या मते चांगल्या ऊलाँगची खूण तीच.

प्रतिसाद २

वूयीमध्ये 'दा होंग पाओ' या तिथल्या सर्वात प्रसिद्ध चहाच्या नावाला भुलू नका. त्याच्या मूळ झाडांची तोडणी २००६ पासून बंद आहे आणि बाजारात त्या नावाने बहुधा मिश्रण मिळतं. ते वाईट असतं असं नाही, पण शिकायला एकाच वाणाचा बरा: 'रौ ग्वेई' किंवा 'श्वेई श्येन'. चीनच्याच फंगह्वांग डोंगरांतले 'दानत्सोंग' ऊलाँग नंतर घ्या. वास अप्रतिम, पण पाणी जरा जास्त वेळ राहिलं की कडू होतात.

प्रतिसाद ३

तिसरा घ्यायचाच तर तैवानचा 'ओरिएंटल ब्यूटी'. याच्या कोवळ्या पानांचा रस तुडतुडे शोषतात, त्याला उत्तर म्हणून झाड सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि चहाला मधाचा, पिकल्या फळांचा वास येतो. पांढरे टोक असलेल्या कळ्या दिसायला हव्यात. याला पाणी ८५-९० अंशांचंच द्या. काळ्या चहाची सवय असेल तर हा लगेच आवडेल.

धागाकर्ती

धन्यवाद! गायवान नाही. किटलीत जमेल?

प्रतिसाद १

जमेल. २०० मिलीला ३ ग्रॅम, तीन मिनिटं. गोळ्यांना फुलायला जागा हवी, म्हणून छोट्या जाळीच्या गोळ्यात पत्ती कोंबू नका. सुटी टाका आणि ओतताना गाळा. पाणी जड असेल तर आधी तेच बदला, कारण जड पाण्यात आलिशानचा वास पार दबतो.