जुन्या अँपला लॅपटॉप जोडलाय, आवाज फाटतोय – मदत हवी आहे

मंडळी, बाबांचा ८५-८६ सालचा स्टिरिओ अँप्लिफायर माळ्यावरून खाली काढलाय. त्यांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेट मी मागेच संगणकात उतरवून ठेवल्यात. रविवारी त्यांची पंच्याहत्तरी, तेव्हा लॅपटॉपवरून याच अँपवर ऐकवायच्यात.

एका टोकाला ३.५ मिमीची हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना अशी वायर आणली. अँपच्या मागे त्या पिना बसतील अशी एकच जोडी आहे, तिच्यावर 'फोनो' लिहिलंय. बाकी सगळी सॉकेटं गोल, ५ भोकांची. फोनोला लावलं तर आवाज फाटका आणि नुसता घुमणारा. लॅपटॉपचा व्हॉल्यूम ५वर आणला तरी तेच. वर चार्जर लावला की सतत 'घूंऽऽ', काढला की गप्प. इलेक्ट्रिशियन म्हणतो, अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. काढू का?

टेपवेडा: अजिबात नको! पत्र्याचा डबा आहे. आत कुठे वायर उघडी पडली तर करंट पत्र्यावर येईल, आणि बटणं फिरवणार बाबा.

फोनो तबकडीच्या सुईसाठी असतं. सुईचा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा, म्हणून तिथे तो शेकडो पट वाढवतात, खर्जही मुद्दाम चढवतात. लॅपटॉप देतो साधारण १ व्होल्ट. फाटणारच. ती गोल सॉकेटं म्हणजे ५ पिनांचं डिन. डिन ते आरसीए केबल घ्या, 'ऑक्स' किंवा 'टेप'ला लावा. लॅपटॉपचा व्हॉल्यूम ८०च्या आसपास ठेवून बाकीचं अँपवर करा.

घूंऽऽ हा अर्थिंगचा फेरा, म्हणजे चार्जर आणि अँप दोन्ही अर्थिंगला जोडलेले, वर ऑडिओच्या वायरनेही एकमेकांना. दोघांचे प्लग एकाच बोर्डात लावून बघा. नाहीच गेला तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका, छोटीशी डबी असते.

सांगलीकर: एवढी यातायात कशाला? ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, घूंऽऽचा प्रश्नच मिटला.

टेपवेडा: घूंऽऽ जाईल हो, पण रिसीव्हर तरी अँपला कशाने जोडणार? डिन केबल लागणारच.

धागाकर्ता: केबल मिळाली, पण तिला आरसीएची ४ टोकं! 'टेप'मध्ये घातली, बटणही टेपवर केलं. एक जोडी लावली तर पूर्ण शांतता.

टेपवेडा: ती रेकॉर्डिंगची जोडी, त्यातून आवाज बाहेर जातो. तुम्हाला ३ आणि ५ नंबरच्या पिनांची हवी. दुसरी लावा.

धागाकर्ता: वाजलं! आवाज एकदम भरदार. एकाच बोर्डात लावूनही घूंऽऽ थोडी उरलीच, म्हणून रविवारी चार्जर काढून ठेवेन, बॅटरी ३ तास पुरते. गुपित मात्र फुटलं. आवाज ऐकून बाबा आतून आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "तबला त्या बाजूला असतो. वायरी उलट्या लावल्यास."