प्रतिसाद: ‘कुड’ भूतकाळी, मग विनंतीत कसा?

वर विचारलंय, शाळेत ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ म्हणून शिकवला, मग ‘कुड यू सेंड इट टुमॉरो?’ कसं चालतं? इथे भूतकाळ वेळेचा नसतोच, तो अंतर राखतो. समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा मिळते. आपणही ‘जरा विचारायचं होतं’ म्हणतो आणि विचारतो आत्ताच!

पण माझ्या मते आपली खरी गोची जर-तरच्या वाक्यांत होते. ‘मला माहीत असतं तर मी आलो असतो.’ मराठीत दोन्हीकडे ‘असतं-असतो’ आहे, म्हणून आपण ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ असं बिनदिक्कत ठोकून देतो. प्रमाण इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ नको: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ अपवाद आहेच. ‘इफ यू वुड वेट हिअर’ चालतं, कारण तिथे ‘वुड’ म्हणजे कृपा करून.

‘हॅड बेटर’नं तर मला तोंडघशी पाडलंय. ‘एकदा तपासलेलं बरं’ या सौम्य अर्थानं मी एका ब्रिटिश वरिष्ठांना ‘यू हॅड बेटर चेक धिस’ लिहिलं. त्यात ‘नाहीतर बघा’ अशी तंबी असते, हे नंतर कळलं. तिथे ‘यू माइट वॉन्ट टू चेक’ हवं होतं. मात्र साहेबच तुम्हाला ‘यू माइट वॉन्ट टू’ म्हणाला, तर ते काम मुकाट्यानं करून टाका.