राय गवतातला विषाणू, आणि म्हणे गोठे रिकामे होणार

माळरानवाला, सोलापूर:
काल गटावर फिरलेली पोस्ट: "राय गवतात लपलेला विषाणू, लक्षण काहीच नाही, बियाण्यातून पसरतो. बाहेरचं चारा बियाणं घेऊ नका, घरचंच वापरा, नाहीतर गोठे रिकामे होतील." डोकंच फिरलं. हा विषाणू गवताचा, गुरांचा नाही. मावा कीड त्याला पसरवत नाही, पानाचा रस चोळून तो लागत नाही, कलम बांधूनही एका झाडातून दुसऱ्यात जात नाही. शेजारच्या पेशीत शिरायला लागणारं प्रथिनच त्याच्याकडे नाही. पेशी विभागली की वाटणीला येतो. म्हणजे बी आणि परागकण, दोनच वाटा. ज्याच्या घरच्या बियात तो आहे त्याच्याकडे पिढ्यान् पिढ्या राहणार, मग घरचं बी हा उपाय कसला? आणि राय गवत थंड हवेचं. आपल्या ४२ अंशात लावतंय कोण?

गोठा, मोहोळ:
अण्णा, अभ्यास दांडगा आहे तुमचा. पण दुकानातून आणलेलं लसूणघासाचं बी निम्मंच उगवलं माझं. दुकानदार म्हणतो पाणी जास्त झालं. बियाण्यात खोट असते एवढं तरी माना.

माळरानवाला:
उगवणीचा आणि याचा संबंध काय? पाकिटावरची तारीख बघितली होती का?

गोठा:
तारीख! पाकीट फोडून किलोवर देतात ओ इकडं.

बार्शीची ताई:
आमचं नेपियर गवत. ठोंब लावतो, बियाची भानगडच नाही. बसा भांडत.

माळरानवाला:
ताई, ठोंबात असला तर फुटव्यात येणारच. पेशी त्याच.

बार्शीची ताई:
मग घाबरायचं की नाही, ते एकदा ठरवा!

करमाळकर:
विषाणू राहू द्या, गाई बसवल्या त्या उसाच्या वाढ्यानं, म्हणजे शेंड्याच्या पाल्यानं. कारखाने पेटले की चार महिने नुसतं वाढं. त्यातला ऑक्झलेट नावाचा घटक कॅल्शियम धरून ठेवतो, गाईला मिळू देत नाही. आमची दुसऱ्या वेताची गाय व्यायल्यावर उठलीच नाही. मालदांडी ज्वारीचा कडबा होता तेव्हा असं ऐकलं होतं का कुणी?

गोठा:
कडब्याचा भाव विचारलाय का कधी? ज्वारी काढायला माणूस मिळेना, म्हणून पेरा मोडला. वाढं नको तर गुरांना काय व्हॉट्सॲप घालू?

करमाळकर:
वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायला कुणी अडवलंय? आळस आपला, नाव महागाईचं.

गोठा:
आळशी कुणाला म्हणता? पहाटे चारला धारेला बसतो मी.

वनस्पतीशास्त्रवाली:
दादा, भांडण थांबवा. विषाणू म्हणजे रोगच असं नसतं. अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या ६५ अंश तापलेल्या जमिनीत एक गवत तगतं. त्या गवतात बुरशी, बुरशीत विषाणू. विषाणू काढला तर गवत तिथं टिकत नाही. २००७ सालचं संशोधन आहे.

करमाळकर:
६५? मग तो आधी नान्नजच्या माळावर पाठवा, एप्रिलमध्ये लागेल.

गोठा:
बरं बाबा, विषाणू सज्जन. माझे बियाण्याचे पैसे तेवढे मागून द्या त्याला.

बार्शीची ताई:
मंगळवेढ्याकडं कुणाकडं कडबा शिल्लक आहे का? शेकड्याचा भाव टाका. भाडं आमचं.