मदत हवी आहे: अ‍ॅथलेटिक्सच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेतोय, धावपटू उड्या मारत पळतायत

मंडळी,

१९९१ ते १९९७ या काळात टीव्हीवर अ‍ॅथलेटिक्स लागलं की मी व्हीसीआरला कॅसेट लावून बसायचो. आता त्या कॅसेट कायमच्या जातील या भीतीने त्यांचं डिजिटल रूपांतर करायला घेतलंय आणि अडकलोय.

कुणी म्हणेल, सगळं यूट्यूबवर आहे की. फायनल आहेत. पण भालाफेकीची पात्रता फेरी किंवा तिहेरी उडीतले फाऊल कोण टाकणार? माझ्याकडे आहेत, कारण जाहिरात आली की पॉज आणि जाहिरात संपली की पुन्हा सुरू, असा तासन् तास रिमोट हातात धरून बसायचो. पॉज लांबला तर व्हीसीआर आपणहून बंद व्हायचा आणि पुढची शर्यत हुकायची. प्रत्येक कॅसेटमागे वहीचं एक पान: '१२४७ - लांब उडी', '१६८० - ४×१०० रिले'. काउंटरचे हे आकडे दुसऱ्या व्हीसीआरवर जुळत नाहीत, हे आत्ता कळलं. जुना व्हीसीआर कधीच गेला.

सगळ्यात जिवाची कॅसेट १९९१ च्या टोकियो जागतिक स्पर्धेची. लांब उडीत कार्ल लुईसची चौथ्या फेरीतली ८.९१ मीटरची उडी (वारा जास्त होता, विक्रमासाठी धरली नाही) स्वच्छ आलीय. तिथेच तीन तासांची कॅसेट संपली. मी धावत जाऊन नवीन घातली, वरचं प्लॅस्टिक दातांनी फाडून. रेकॉर्डचं बटण दाबलं तेव्हा माइक पॉवेल हात उंचावून पळत सुटला होता. ८.९५. बॉब बीमनचा १९६८ चा ८.९० चा विक्रम मोडला आणि माझ्याकडे त्याचा फक्त रिप्ले!

आता अडचण. साधं यूएसबी कॅप्चर कार्ड वापरतोय. तयार होणारी फाइल सेकंदाला २५ फ्रेमची. टीव्हीवर जी धाव सलग दिसायची ती इथे झटके खाते. पाल (आपल्याकडची तेव्हाची टीव्ही पद्धत) चित्रात सेकंदाला ५० फील्ड असतात (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र, दोन मिळून एक फ्रेम), म्हणजे निम्मी हालचाल गळतेय असं वाटतं. त्याच टोकियो स्पर्धेत १०० मीटरला लुईस ९.८६ आणि लेरॉय बरेल ९.८८. फरक ०.०२ सेकंदाचा, म्हणजे बरोब्बर एक फील्ड! तोच गाळला तर उरलं काय?

शिवाय एलपी स्पीडवर, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास बसवून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये खाली पांढऱ्या रेघांचा पट्टा येतो. आणि १९९५ च्या गोटेबोर्गच्या कॅसेटवर (जोनाथन एडवर्ड्सचे तिहेरी उडीतले १८.१६ आणि १८.२९, पहिल्या दोन उड्यांत दोन विश्वविक्रम) टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय. ती लावून बघू का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

बुरशीवाली कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि मग एकेक करून बाकीच्या कॅसेटना लागते. आधी बाकीच्यांपासून वेगळी करा, कोरड्या जागी ठेवा. बुरशी वाळली की नाकाला मास्क लावून, फेकायच्या लायकीच्या एखाद्या व्हीसीआरमध्ये, धागे न सुटणारं कापड टेपला टेकवून पुढे-मागे फिरवतात. हात बसला नसेल तर जाणकाराकडे द्या.

एलपीच्या रेघांसाठी ऑटो ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या ट्रॅकशी आपोआप जुळवणं) बंद करून हाताने जुळवा. एलपीत ट्रॅक अरुंद असतात, त्यामुळे ज्या व्हीसीआरवर रेकॉर्ड केलं त्याच्यावरच ते सगळ्यात नीट चालतं. दुसरा व्हीसीआर मिळाला तर त्यावरही लावून बघा. कोणता मानवेल सांगता येत नाही.

प्रतिसाद २

तुमचा अंदाज बरोबर. कार्डासोबत आलेलं सॉफ्टवेअर बहुधा स्वतःच डीइंटरलेस करून (फील्डची सलग फ्रेम बनवून) निम्मे फील्ड टाकून देतंय. ते बंद करा, ७२०×५७६ इंटरलेस्डच (दोन्ही फील्ड जसेच्या तसे) कॅप्चर करा आणि नंतर बॉब पद्धतीने (प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम) किंवा क्यूटीजीएमसी या डीइंटरलेस फिल्टरने ५० फ्रेम करून घ्या. मूळ कॅप्चर मात्र पुसू नका.

एक वाईट बातमी. जपानमध्ये तेव्हा एनटीएससी ही टीव्ही पद्धत होती, म्हणजे सेकंदाला जवळपास ६० फील्ड. तुमच्यापर्यंत येताना त्याचे ५० केलेले, त्यात शेजारचे फील्ड एकमेकांत मिसळतात. लुईस-बरेलमधलं ते अंतर प्रक्षेपणातच पुसट झालेलं असणार. १९९३ ची श्टुटगार्ट स्पर्धा आहे का? ती जर्मनीतली, मुळातच ५० फील्डची.

धागाकर्ता

आहे! कॉलिन जॅक्सनचे १२.९१ आणि सॅली गनेलचे ५२.७४, दोन्ही अडथळा शर्यती एकाच कॅसेटवर. इंटरलेस्ड घेऊन बघितलं, अडथळ्यावरून जाणारा पाय आता तुटत नाही. एलपीच्या रेघा तेवढ्या आहेत अजून. गोटेबोर्गची कॅसेट वेगळ्या डब्यात ठेवली.